जुनी शिडाची बोट, डिझेलचा काटा आणि ‘ॲव्हरेज किती देते?’

खारावारा

मंडळी, दोन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ एक जुनी शिडाची बोट घेतली. वेस्टर्ली सेंटॉर, २६ फूट, १९७४ ची. जाणकारांना माहीत असेल, ही बोट १९६९ ते १९८० अशी बारा वर्षं बनत होती. तळाला खाली उतरलेले दोन कणे (कील) असल्यामुळे ओहोटीला चिखलात गाईसारखी शांत बसते. इंजिन व्होल्वो पेंटा, दोन सिलिंडर, २३ हॉर्सपॉवर, गार करायला थेट समुद्राचं पाणी. वयाच्या मानाने गुणी आहे. रडगाणं इंजिनाचं नाही, डिझेलच्या काट्याचं आहे.

घरून फोन आला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, “ॲव्हरेज किती देते?” मी म्हणतो, बाबा, बोट शिडाची आहे, वाऱ्यावर चालते. “मग इंजिन कशाला ठेवलंय?” इथे माझी बोलती बंद.

गेल्या महिन्यात उत्तर मिळालं. पूल नावाच्या बंदराहून परत येत होतो, बायको आणि बारा वर्षांचा मुलगा बरोबर. ख्राइस्टचर्चच्या उपसागरात वारा साफ पडला. इंजिन लावलं तेव्हा काटा पावावर होता. टाकी साठ लिटरची असं आधीचा मालक सांगून गेलेला. म्हणजे पंधरा लिटर, तासाला दोन लिटर धरले तरी सात तास. निश्चिंत होऊन चहा टाकला. दोन तासांनी हर्स्टचा किल्ला ओलांडला आणि इंजिनाचा आवाज चढ-उतार करायला लागला. दोन आचके दिले आणि बंद. भरतीची ओढ तीन नॉटच्या वर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), वारा शून्य, आणि समोर लिमिंग्टन-यारमथ फेरीची रोजची वाट. शीड वर केलं, ते ओल्या टॉवेलसारखं लोंबत राहिलं. शेवटी वाहत वाहत कडेला आलो आणि यारमथच्या अलीकडे नांगर टाकला. लॉकरमध्ये दहा लिटरचा डबा होता म्हणून निभावलं. तो ओतला, मुलाला इंजिनाला डिझेल पोचवणाऱ्या फीड पंपाची दांडी वर-खाली करायला बसवलं, मी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून नळीत शिरलेली हवा काढत बसलो. चाळीस मिनिटं, हात कोपरापर्यंत डिझेल.

बंद पडलं तेव्हाही काटा रिकाम्याच्या खुणेला टेकला नव्हता, थोडा वरच होता! यारमथला आणखी ५१ लिटर बसलं.

तर प्रश्न दोन. एक, टाकीत खरं किती आहे हे कसं कळावं? दोन, तासाला नक्की किती जळतं हे कसं काढावं? नवी महागडी यंत्रणा बसवायची इच्छा नाही, पण तसंच सुचवायचं असेल तर कारणासकट सुचवा.

बांगडाप्रेमी

आमच्या मालवणात काट्याक कोण इचारता? कळकाची काठी आसता, तांडेल सकाळी टाकीत घालता आणि बघता. काटो खोटा बोलता, काठी नाय.

(प्रमाण मराठीत: काठी घाला.)

मीटरडाऊन

सरळ फ्लो मीटर बसवा की. इंजिनाला जाणाऱ्या नळीत सेन्सर, मोबाइलवर आकडा. एकविसाव्या शतकात काठ्या कसल्या घालताय!

चीफसाब

मीटरडाऊन, जरा थांबा. मी तीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली, आता पुण्यात कोथरूडला बाल्कनीतली झाडं सांभाळतो. डिझेल इंजिनाला जेवढं तेल जातं तेवढं सगळं जळत नाही. वापरून उरलेलं परतीच्या नळीने टाकीत येतं. म्हणजे मीटर दोन हवेत, जाणारं आणि येणारं, आणि वजाबाकी करायची. परत येणारं तेल जितकं जास्त तितकी वजाबाकी लबाड. दोन मोठ्या आकड्यांत दोन-दोन टक्क्यांची चूक असेल तर उरलेल्या छोट्या आकड्यात ती कितीतरी मोठी होते. छोट्या जुन्या इंजिनाला हा खर्च मला पटत नाही. ज्याला हौस आहे त्याने करावा.

बांगडाप्रेमी बरोबर बोलले. दोन लाख टनांच्या जहाजावरसुद्धा रिमोट गेज असतात आणि तरी मोटरमन (इंजिनरूममधला कामगार) रोज पितळी लोलक लावलेली टेप घेऊन टाक्यांचं साउंडिंग घेतो, म्हणजे तेलाची खोली मोजतो. आकडा वहीत जातो तो टेपचा. जिथे तळापर्यंत टेप पोचत नाही तिथे उलटं मोजायचं, टाकीच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत. त्याला अलेज म्हणतात. आणि टेपवर मिळते ती उंची. लिटर मिळत नाहीत. उंचीवरून लिटर काढायला प्रत्येक टाकीचं स्वतःचं कोष्टक असतं, त्यात जहाज मागे किती दबलंय आणि बाजूला किती कललंय याची दुरुस्ती वेगळी.

खारावारा, तुमच्याकडे हे कोष्टक नाही, एवढंच दुखणं असावं असा माझा अंदाज. टाकीचा आकार सांगा.

निवांत_नौका

आकाराआधी ओहम, म्हणजे विजेचा अडथळा, तपासा! मी मेरीलँडला असते, आमची १९८२ ची कॅटॅलिना ३०. आधीच्या मालकाने टाकीतला फ्लोट (तेलावर तरंगून काट्याला पातळी कळवणारा, म्हणजे सेंडर) बदलला होता आणि युरोपातला बसवला होता. काटा मात्र अमेरिकन. युरोपियन सेंडर रिकामा असताना १० ओहम आणि भरलेला असताना १८० दाखवतो. अमेरिकन बरोबर उलटा, रिकामा २४० आणि भरलेला ३३. परिणाम असा की आम्ही डिझेल भरत गेलो तसा काटा खाली जात राहिला. नवरा म्हणाला गळती आहे. मी म्हटलं, गळती आहे, पण डोक्यात.

मल्टिमीटरने सेंडरची वायर काढून मोजा. ती वायर मोकळी सोडली तर युरोपियन काटा भरलेल्याच्या पलीकडे जायला हवा, जमिनीला टेकवली तर रिकाम्यावर यायला हवा. तसं झालं तर काटा आणि वायर दोन्ही ठीक.

चीफसाब

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. त्यात एक भर. युरोपियन सेंडरच्या अर्थिंगच्या स्क्रूला गंज चढला की वाटेत ओहम वाढतात, आणि ओहम वाढले की काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. खाऱ्या हवेतल्या जुन्या बोटीत हे फार. म्हणजे चूक नेमकी घातक बाजूला होते.

खारावारा

ताई, चीफसाहेब, शनिवारी दोन्ही तपासलं. सेंडर युरोपियन, काटाही युरोपियन. अर्थिंग घासून पुसून लख्ख केलं, काटा केसभर हलला, बस. दोघेही निर्दोष.

आता टाकी. ही मूळ टाकी नव्हे, कोणीतरी मधल्या काळात स्टीलची करून कॉकपिटखाली बसवलेली. ६० सें.मी. लांब, वरून ४० सें.मी. रुंद, एकूण खोली ३६. पण खालचे २० सें.मी. बोटीच्या पोटाप्रमाणे निमुळते होत तळाला धार येते, नांगराच्या फाळासारखी. वरचे १६ सें.मी. चौकोनी. सेंडर वरच्या बाजूला, मध्यापासून साधारण १० सें.मी. उजवीकडे. तेल ओढणारी नळी तळापासून ४ सें.मी. वर संपते.

शंकेखोर

आठवीचं गणित! खालचा त्रिकोणी भाग: अर्धा × ४० × २० × ६० = २४,००० घन सें.मी., म्हणजे २४ लिटर. वरचा चौकोन: ४० × १६ × ६० = ३८.४ लिटर. एकूण ६२.४. टाकी साठाची हे मालकाने खरं सांगितलं.

आता पाव उंची म्हणजे ९ सें.मी. त्रिकोणात उंची अर्धी झाली की तेल पाव होतं, वर्गाच्या हिशेबाने. २४ × (९/२०)² = ४.८६ लिटर. तुम्ही पंधरा समजलात, होतं पाचाच्या आत. त्यातलं खालच्या ४ सें.मी. मधलं जवळजवळ एक लिटर नळीला पोचतच नाही. उरलं ३.९. तासाला दोनने दोन तास. तुमचं इंजिन मिनिटाच्या हिशेबाने बंद पडलं आहे हो, त्याला दोष देऊ नका.

तळटीप: काटा अर्ध्यावर असेल तेव्हाही टाकीत १९.४ लिटरच. म्हणजे एक तृतीयांशाहून कमी.

खारावारा

शंकेखोर, दंडवत. दोन वर्षं अर्ध्या टाकीच्या भरवशावर फिरत होतो, अंगावर काटा आला. (हा मात्र बरोबर दाखवतोय.)

पंपवाला

सांगली जिल्ह्यात आमचा पेट्रोल पंप आहे, त्या अनुभवावरून दोन गोष्टी. गणित ठीक आहे, पण टाकीला आतून पडदे (तेल हिंदकळू नये म्हणून लावलेले पत्रे) असतात, वेल्डिंगवाला इंचाचा अर्धा इंच करतो. प्रत्यक्ष भरून बघा. वैधमापनवाल्यांचं प्रमाणित पाच लिटरचं माप आमच्याकडे असतं, गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. तसं एखादं खात्रीचं माप घ्या, टाकी पूर्ण रिकामी करा, आणि पाच-पाच लिटर ओतून दर वेळी काठीवर खूण करा. माप खात्रीचं नसेल तर डबा वजन करा. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम भरतं, थंडी-उन्हात थोडं इकडे तिकडे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आम्ही रोज सकाळी डिप रॉडच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून भूमिगत टाकीत सोडतो. पाणी लागलं तिथे पेस्टचा रंग बदलतो. बोटीत तर चहूकडून पाणीच, डेकवरच्या झाकणाचं रबर गेलं की पावसाचं सरळ आत. तुमच्या टाकीला खाली धार आहे हे एका अर्थी चांगलंच, पेलाभर पाणीसुद्धा दोन सें.मी. उभं राहील आणि पेस्टवर दिसेल. सपाट तळाच्या टाकीत तेवढं पाणी पसरून जातं, सापडत नाही.

बांगडाप्रेमी

पाणी आणि गाळ. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे बोटी वर घेतात आणि टाक्या धुतात. तुमचा जो लिटरभर ‘न पोचणारा’ आहे ना, तो वाया नाही, घाण तिथेच बसते. नळी खाली नेऊन लांबवू नका. माझ्या चुलत्याने ती हुशारी केली होती, भर उधाणात फिल्टर चोंदला.

मीटरडाऊन

बरं, काठीही नको आणि फ्लो मीटरही नको. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी उभी लावा, डोळ्याने दिसतं. जुन्या ट्रॅक्टरांना असायची.

चीफसाब

इंजिनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या नळीत डिझेल? आग लागली तर पहिली ती वितळणार आणि टाकी आगीत रिकामी होणार. जहाजावर काचनळी असते, पण जाड काचेची, आणि तिचे कॉक हात सोडला की आपोआप बंद होणारे. तसे कॉक मिळत असतील तर लावा, नाहीतर हा विषय सोडा.

मीटरडाऊन

सोडला. माझ्या दोन सूचनांपैकी किती धुडकावल्या याची कोणी नोंद ठेवतंय का?

सोडावॉटर

पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण आता राहवत नाही. मी रासायनिक कारखान्यात उपकरण विभागात आहे. टाकी अवघड जागी असेल, काठी जात नसेल, तर आमच्याकडे जुना उपाय आहे तो बुडबुड्यांचा. बारीक नळी वरून तळापर्यंत सोडायची, हातपंपाने सावकाश हवा भरायची. नळीच्या खालच्या टोकातून बुडबुडे निघायला लागले की नळीतला दाब म्हणजे तिथल्या तेलाच्या उंचीचा दाब. साध्या पारदर्शक नळीचा इंग्रजी यू करून त्यात रंगीत पाणी घातलं की झाला दाबमापक. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ३० सें.मी. डिझेलला यूच्या दोन बाजूंच्या पाण्यात साधारण २५ सें.मी. फरक पडेल. वीज नाही, टाकीत तरंगणारं काही नाही, आणि बघायची नळी टाकीपासून दूर, तिच्यात डिझेल येतच नाही. चीफसाहेबांच्या आगीची भीती इथे नाही. बोटींसाठी याच तत्त्वावरची तयार उपकरणंही मिळतात. कोष्टक मात्र तरीही लागणारच, दाबसुद्धा उंचीच सांगतो.

चीफसाब

सोडावॉटर, मान्य. आमच्या जहाजांच्या खोल टाक्यांनाही हीच युक्ती असे.

खारावारा

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, कारण पुढच्याला उपयोग होईल.

टाकीतलं सगळं डिझेल हातपंपाने डब्यांत काढलं. शेवटचा लिटर कॉफीच्या रंगाचा होता, त्यात काळी बुळबुळीत लोळी आणि चमचाभर पाणी. तो वेगळा ठेवून मरिनाच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात दिला. सेंडरचे पाच स्क्रू काढले की खाली मनगट जाईल एवढं भोक मिळतं, पण ते मध्यावर नाही. म्हणून टाकी रिकामी होती तेव्हाच बाहेर काढून एका ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून बरोबर मध्यावर एक आट्यांचं बूच बसवून घेतलं. काठी आता त्यातूनच. चीफसाहेबांनी बाजूला कलण्याचं सुचवलं म्हणून हिशेब केला होता. १५ अंश कललेल्या बोटीत मध्यापासून १० सें.मी. वर मोजलं तर पातळी २.७ सें.मी. ने चुकते. वरच्या चौकोनी भागात ते सहा लिटरच्या वर जातं. मध्यावर ही भानगड जवळजवळ नाहीशी होते.

काठी म्हणजे ओकची गोल दांडी, पॉलिश न केलेली. इथे बोटींना मिळणारं डिझेल लाल रंग घातलेलं असतं, त्यामुळे उघड्या लाकडावर ओली रेघ स्वच्छ दिसते. पाच लिटरचा डबा किचनच्या काट्यावर वजन करून, ४.२ किलो बरोबर, एकेक ओतत गेलो. मुलगा चाकूने खाचा करत होता.

पहिल्या पाच लिटरला पातळी ९ सें.मी. चढली. दुसऱ्या पाचला फक्त ४. मग ३, मग अडीचच्या जरा आत, आणि २५ लिटरनंतर प्रत्येक पाचाला २.१, अगदी फूटपट्टीसारखं. काठी पाहिली की सगळं कळतं. खाली खाचा लांब लांब, वर दाटीवाटीने. शंकेखोरांचं गणित कुठेही अर्ध्या सें.मी. ने सुद्धा हललं नाही. पंपवाले, आत पडदे निघाले नाहीत, पण तुम्ही सांगितलंत म्हणून हात घालून पाहिलं.

काट्याच्या काचेवर बायकोने नेलपॉलिशने नवे ठिपके दिले आहेत. जिथे पाव छापलंय तिथे ‘५’, जिथे अर्धं छापलंय तिथे ‘१९’.

निवांत_नौका

नेलपॉलिशचा रंग कोणता? हे कळल्याशिवाय धागा अपूर्ण आहे.

खारावारा

लाल. डिझेलला मॅचिंग.

शंकेखोर

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता दुसरा प्रश्न, जळतं किती? टाकी फुल करून फिरायचं आणि परत फुल करून भागायचं, मोटारसायकलसारखं?

चीफसाब

ते करायचंच. इंजिनाचे तास मोजायचं मीटर नसेल तर आधी ते लावा. हंगामाची सरासरी त्यातून मिळेल, पण इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना किती जळतं हे कळणार नाही. आणि तिथेच सगळी गंमत आहे. २३ हॉर्सपॉवर ही इंजिनाची ऐपत झाली, रोजचा खर्च तो नव्हे. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे वीस टक्के कमी केलेत की ताकद निम्म्यावर येते. आणि एक किलोवॅट एक तास काढायला डिझेल साधारण २५० ग्रॅम, म्हणजे ०.३ लिटर, जुन्या छोट्या इंजिनात थोडं जास्तच. तीन टनांची तुमची बोट पाच नॉटला सहा-सात किलोवॅट मागत असेल. म्हणून तासाला दोन लिटर हा तुमचा अंदाज बरोबर होता, साठा मात्र चुकीचा धरलात.

मोजायचंच असेल तर वजन करा. पाच लिटरचा डबा घ्या, इंजिनाला जाणारी आणि परतीची दोन्ही नळ्या त्यात. परतीची विसरलात तर ती मोठ्या टाकीत ओतत राहील आणि तुम्ही खऱ्यापेक्षा जास्त खर्च लिहाल. डबा कॉकपिटमध्ये घट्ट बांधा, कोणी सिगारेट ओढणार नाही. एक तास एकाच फेऱ्यांवर. आधीचं वजन, नंतरचं वजन.

खारावारा

केलं! साउदॅम्प्टनच्या खाडीत भरतीची दोन शिखरं येतात, सुमारे दोन तासांच्या अंतराने, त्या मधल्या वेळात पाणी जवळजवळ उभं असतं. वेग मोजायला याहून चांगली जागा नाही. दोन रविवार लागले. डबा सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला लटकवून, आणि तोही धक्क्यावर उतरून, कारण हलत्या बोटीत काटा नाचतो.

१६०० फेरे: ४.२ नॉट, तासात १.०९ किलो, म्हणजे १.३ लिटर.
२००० फेरे: ५.२ नॉट, १.८५ किलो, २.२ लिटर.
२३०० फेरे: ५.८ नॉट, २.७७ किलो, ३.३ लिटर.

म्हणजे दीड नॉट जादा मिळवायला अडीचपट तेल. सेंटॉरची पाण्यातली लांबी २१ फुटांच्या थोडी वर. त्या हिशेबाने सव्वासहा नॉटच्या आसपास तिच्या वेगाची भिंत येते. आपण तेल ओतून फक्त मागची लाट उंच करत असतो.

बांगडाप्रेमी

आणि वारा नाकावर घेऊन, लाटेतून? उभ्या पाण्यातला आकडा तिथे धरू नको. आमचे तांडेल तेल तीन वाट्यांत वाटतात, एक जायला, एक यायला, एक देवाला.

खारावारा

धरत नाही. ६२ पैकी तळातला एक सोडला, तिसरा हिस्सा देवाला, उरले चाळीस. २००० फेऱ्यांवर अठरा तास. वहीत तेवढंच लिहिलंय, आणि काठी दर प्रवासाच्या आधी, बोट धक्क्याला सरळ उभी असताना.

बाबांना काल फोन करून ऐटीत सांगितलं, लिटरला सव्वादोन सागरी मैलांच्या वर, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “अरे, एवढं तर ट्रक देतो, आणि तो दहा टन माल नेतो. तू काय नेतोस?”

मीटरडाऊन

काका फ्लो मीटरच्या बाजूने आहेत का विचारून घ्या.